आयक्यूच्या आकड्याआधीचा बिने

परीक्षा संपल्या की आमच्या ग्रुपवर दर वेळी एक लिंक येते. थोडे प्रश्न, थोडी मिनिटं आणि शेवटी स्क्रीनवर एक आकडा. १२८ आला की स्क्रीनशॉट थेट स्टेटसला जातो, ९४ आला की मोबाइल गुपचूप खिशात. मीही हे केलंय. माझा आकडा किती आला ते इथे सांगणार नाही, यावरून काय ते समजा.

हा आकडा ज्याच्या पुण्याईवर खपतो, त्या माणसानं तो कधी काढलाच नव्हता, हे मला अगदी परवापर्यंत माहीत नव्हतं. आल्फ्रेड बिने. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. गाईडमध्ये बुद्धिमापन चाचणीचा जनक म्हणून दोन ओळींत उरकलेला. आपणही त्या दोन ओळी पाठ करतो आणि पुढे जातो. पण बिनेला मुलांना एकामागे एक रांगेत उभं करायचं नव्हतं. प्राथमिक शाळेतल्या मुलाला फळा नीट दिसतो का, ऐकू येतं का, त्याची वाढ वयाप्रमाणे होते आहे का आणि अभ्यासात त्याचं नक्की कुठे अडतंय, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मूल शाळेत बरं आहे का, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर अंदाजानं नको, मोजून हवं, एवढाच त्याचा हट्ट.

वकिली नको, डॉक्टरकी नको

बिनेचा जन्म जुलै १८५७ मधला, नीस शहरातला. तेव्हा नीस फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. वडील डॉक्टर, आई चित्रं काढणारी. आईवडील वेगळे झाले आणि मुलगा आईकडे वाढला. शिक्षणासाठी तो तिच्याबरोबर पॅरिसला आला. १८७८ मध्ये त्यानं कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमेना. मग घरच्या वळणानं डॉक्टरकी करून बघितली, तीही अर्धवट सोडली. या काळात त्याची तब्येतही बिघडली होती, मनाची जास्त.

आपल्यातल्या कितीतरी जणांचं इंजिनीअरिंग-मेडिकल-यूपीएससी असं फिरून चौथीकडेच काहीतरी लागतं, तसंच हे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन तो मानसशास्त्राची पुस्तकं वाचत बसायचा. त्याला कुणी हे शिकवलं नाही. मानसशास्त्राच्या पदवीचा कागद त्याच्याकडे कधीच नव्हता. पुढे १८९४ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तीसुद्धा कीटकांच्या मज्जासंस्थेवर.

तोंडावर आपटला

१८८३ मध्ये तो साल्पेत्रिएर या पॅरिसच्या प्रचंड रुग्णालयात दाखल झाला, शार्को या त्या काळच्या बड्या मज्जातज्ज्ञाच्या हाताखाली. तिथे संमोहनाचे प्रयोग चालायचे. बिने आणि त्याचा सहकारी फेरे यांनी दावा केला की, संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की शरीराच्या एका बाजूची लक्षणं दुसऱ्या बाजूला सरकतात. उजवा हात बधिर असेल, तर चुंबक फिरवला की डावा बधिर.

बेल्जियमहून देल्बोफ नावाचा अभ्यासक हे बघायला आला. त्यानं पाहिलं की प्रयोग करणारे रुग्णाच्या समोरच मोठ्यानं बोलतायत, आता काय होणार ते सांगतायत. रुग्ण बिचारी जे अपेक्षित आहे ते करून दाखवत होती. यात चुंबकाचा काही संबंधच नव्हता. बिने आधी हिरिरीनं भांडला. मग हळूहळू त्याला पटलं आणि चूक झाली हे त्याला चारचौघांत कबूल करावं लागलं. नाव गेलं, शार्कोची साथ सुटली.

पण या फजितीतून त्याला एक धडा मिळाला आणि तो त्यानं जन्मभर सोडला नाही. मोजणारा माणूस नकळत स्वतःच्याच मनातलं उत्तर समोरच्याकडून काढून घेतो. समोर लहान मूल असेल तर आणखीच सहज.

घरातल्या दोन मुली

१८८४ मध्ये त्याचं लोर बाल्बियानी हिच्याशी लग्न झालं होतं. दोन मुली झाल्या, मादलेन आणि अलिस. रुग्णालय सुटलं तेव्हा बिनेनं आपली प्रयोगशाळा घरीच मांडली. मुली चालायला शिकताना तो वहीत टिपणं काढायचा. मादलेन धीमी. आधार सोडायच्या आधी पुढे धरायला काय आहे ते बघून घ्यायची. अलिसला तेवढा दम नव्हता, ती खोलीच्या मध्यात धडपडत निघायची. पुढे मुली बोलायला लागल्यावर तो त्यांना रोजच्या वस्तूंबद्दल विचारायचा. लहान मूल सुरी म्हणजे काय हे सांगताना ती कशाची बनली आहे ते सांगत नाही, तिनं काय कापतात ते सांगतं. मोठ्यांची व्याख्या मुलाकडून मागणं म्हणजे चुकीचा प्रश्न विचारणं, हे त्याला तिथे उमगलं.

दोन्ही मुली एकाच घरातल्या, एकच आईबाप, तरी दोघींची लक्ष देण्याची, विचार करण्याची तऱ्हा पूर्ण वेगळी. मग एका वर्गातल्या चाळीस मुलांचं काय?

१८९१ मध्ये एका रेल्वे स्टेशनवर त्याची बोनी या सोरबॉनच्या प्रयोगशाळाप्रमुखाशी गाठ पडली. बिनेनं तिथे काम करायची इच्छा सांगितली, तेही बिनपगारी. घरची परिस्थिती बरी होती, म्हणून हे जमलं. तीन वर्षांत तो त्या प्रयोगशाळेचा संचालक झाला. प्राध्यापकाची खुर्ची मात्र त्याला फ्रान्समध्ये शेवटपर्यंत मिळाली नाही.

डोकी मोजून झाली

तेव्हा युरोपात एक समजूत पक्की होती, मोठं डोकं म्हणजे मोठी बुद्धी. ब्रोकासारख्या नामवंत शास्त्रज्ञानं तिला वजन दिलं होतं. बिनेनंही ती खरी मानली आणि मोजमापाची साधनं घेऊन शाळांमध्ये गेला. शिक्षकांनी निवडून दिलेली हुशार मुलं एकीकडे, मागे पडलेली एकीकडे. सगळ्यांची डोकी मोजली.

फरक निघाला जेमतेम मिलिमीटरभराचा. कुठे तर उलटाच. इथे चुंबकाची ती जुनी गोष्ट कामी आली. बिनेला स्वतःचाच संशय आला. हा मुलगा हुशार आहे हे आधीच माहीत असताना माझा हात मोजमाप किंचित सैल तर धरत नाही ना? त्यानं पुन्हा मोजलं आणि संशय खरा निघाला. त्याच्याच अपेक्षेनं आकडे सरकत होते. ज्या फरकावर सिद्धांत उभा राहणार, त्याहून मोठी चूक मोजणाऱ्याच्या हातून होत होती. त्यानं हे सगळं छापलं आणि तो नाद सोडून दिला.

आपल्या मनासारखा डेटा न येणं हा प्रकार प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो आला नाही हे छापून मोकळं होणं किती जणांना जमतं, हे ज्यानं त्यानं आपलं आपण बघावं.

१९०४ चा प्रश्न

१८८२ मध्ये फ्रान्सनं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी ज्यांना शाळा झेपत नसे ती मुलं घरी किंवा कामावर असायची, कुणाला दिसायची नाहीत. आता ती वर्गात येऊन बसली. काही मुलांना काहीच समजत नव्हतं. शिक्षक वैतागले. या मुलांना वेगळं काढून वेगळ्या शाळेत घाला, अशी मागणी सुरू झाली. १९०४ मध्ये शिक्षण मंत्रालयानं यासाठी समिती नेमली आणि बिने तिचा सदस्य झाला.

पण वेगळं काढायचं कुणाला? डॉक्टर ठरवत, पण एकच मूल एका डॉक्टरकडे एक शिक्का घेऊन यायचं आणि दुसऱ्याकडे दुसरा. शिक्षक ठरवत, तर त्रास देणारं पोर वर्गातून कटवायची ही आयतीच संधी होती. आईबापांपैकी काहींना मूल घराबाहेर हवं असायचं, काही लाजेपायी खरं सांगायचे नाहीत. या सगळ्यात मुलाची बाजू मांडणारं कुणीच नव्हतं. तपासल्याशिवाय कुठल्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढू नये, हे समितीनं ठरवलं. पण तपासायचं कसं, ते कुणाला माहीत नव्हतं.

बिने आणि तेओदोर सिमों हा तरुण डॉक्टर कामाला लागले. १९०५ मध्ये त्यांनी तीस छोट्या कामांची एक श्रेणी बनवली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. सर्वांत सोपं काम, पेटती काडी हलवली की डोळे तिच्यामागे जातात का. मग चित्रातल्या वस्तूंची नावं सांगणं, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणं, दोन वजनांतलं जड कुठलं ते ओळखणं. पुढे तीन शब्द देऊन त्यांचं एक वाक्य करणं. पाठांतराला जागा कमी, म्हणजे शाळा बुडालेल्या मुलावर अन्याय नको.

१९०८ मध्ये दोघांनी ती सुधारली. पॅरिसमधल्या दोनशेच्या आसपास मुलांवर तपासून कुठल्या वयाच्या बहुतेक मुलांना काय जमतं ते ठरवलं, तीन वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंत. तिसऱ्या वर्षी नाक, डोळे, तोंड दाखवता येतं. पाचव्या वर्षी चौकोन बघून काढता येतो. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाइतकंच जमत असेल, तर ते दोन पावलं मागे आहे, त्याला मदत लागेल. बस, एवढंच. भागाकार नाही, शंभरनं गुणणं नाही.

चाचणी एकेका मुलाची, समोरासमोर बसून. मूल घाबरलेलं असेल तर आधी त्याला सैल करायचं. दमलं असेल तर ओढायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही. आणि आलेला निकाल आजचा धरायचा, जन्माचा नाही. १९१० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या खात्यापित्या घरच्या मुलांवर हीच चाचणी झाली, तेव्हा ती पॅरिसच्या मुलांपेक्षा साधारण दीड वर्ष पुढे निघाली. बिनेनं हे झाकलं नाही. घरची परिस्थिती उत्तरात मिसळते, हे त्यानं मान्य केलं आणि शोध पुढे चालू ठेवला.

शाळेतली लॅब

मला बिनेचं सर्वांत आवडलेलं काम वेगळंच आहे. १९०५ मध्ये त्यानं पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या एका प्राथमिक शाळेत प्रयोगशाळा उघडली. कामगारवस्तीतली शाळा. तिथले मुख्याध्यापक व्हिक्तॉर वाने त्याच्या सोबतीला होते. इथे मुलांची उंची, वजन, खांद्यांची रुंदी मोजून वयाच्या तक्त्याशी ताडायचे, वाढीत कोण मागे पडलंय ते शोधायला. पोट नीट भरत नसेल तर गणित कुठून डोक्यात जाणार, हे त्याला दिसत होतं. वाचन, हिशेब आणि शुद्धलेखन यांचीही साधी मापं वाने यांनी बनवली.

आणि डोळे. ठरावीक अंतरावर अक्षरांचा एक साधा तक्ता लावायचा आणि मुलांना वाचायला सांगायचं. यासाठी डॉक्टर लागत नाही, शिक्षकच करू शकतात, हे बिनेचं म्हणणं. आजाराचं निदान डॉक्टर करतील, पण कुठल्या मुलाला डॉक्टरकडे पाठवायचं ते शिक्षकाला कळायला हवं. तपासणीत अशी मुलं सापडली, ज्यांना फळाच दिसत नव्हता आणि शिक्षकांना त्याचा पत्ता नव्हता.

इथे माझं थोडं सांगते. चौथीत मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. कॉपी करते म्हणून ओरडा खायचे. प्रगतिपुस्तकात शेरा आला, मुलगी लक्ष देत नाही. पाचवीत कुठल्याशा शिबिरात डोळे तपासले, तर नंबर निघाला पावणेदोन. चष्मा लागला त्या दिवशी झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मला लांबून पहिल्यांदा दिसलं. शेरा मात्र आजही त्या प्रगतिपुस्तकात तसाच आहे.

बुद्धीचा व्यायाम

बिने मोजून थांबला नाही, म्हणून मला तो पटतो. मागे पडलेल्या मुलांना सरळ अभ्यासाला बसवून उपयोग नाही, आधी लक्ष कसं द्यायचं, स्वतःला आवरायचं कसं ते शिकवायला हवं, असं त्याचं मत होतं. त्यासाठी खेळ शोधले. सगळ्यांनी पुतळ्यासारखं निश्चल व्हायचं. पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं न सांडता एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायचं. फळीवर चिकटवलेल्या वस्तू काही सेकंद बघायच्या आणि झाकल्यावर आठवून लिहायच्या. वाकडं हाड सरळ करणाऱ्या शाखेवरून त्यानं याला मनाचं ऑर्थोपेडिक्स असं नाव दिलं. एकदा काही खासदार वर्ग बघायला आले आणि हौसेनं वस्तू आठवायच्या खेळात उतरले. त्यांची कामगिरी मुलांपेक्षा वाईट झाली. मुलांनी रोज सराव केला होता, इतकंच.

बुद्धी म्हणजे जन्माला येताना मिळालेला ठरावीक साठा, याला काही करता येत नाही, असं मानणाऱ्यांवर तो चिडायचा. १९०९ मध्ये त्यानं मुलांबद्दलच्या नव्या कल्पनांवर पुस्तक लिहिलं. त्यात मुलाचं शरीर, डोळे, कान, बुद्धी, स्मरण आणि आळस या सगळ्यांना जागा आहे. आळसालाही त्यानं शिवी म्हणून वापरलं नाही, त्यामागे काय आहे ते शोधलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अशा मुलांसाठी सुधारवर्गांचा कायदा झाला.

१९११ मध्ये त्यानं श्रेणीत आणखी एक सुधारणा केली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला तो गेला. वय अवघं ५४.

त्याच्या माघारी

पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायची कल्पना मांडली. तिकडे अमेरिकेत गॉडार्डनं चाचणीचं इंग्रजी भाषांतर केलं. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, दमलेल्या, भाषा न कळणाऱ्या स्थलांतरितांवर ती वापरली. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या टर्मननं तिची मोठी आवृत्ती काढली आणि भागाकाराला शंभरनं गुणून आलेला आयक्यू घरोघरी पोहोचवला. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख अमेरिकी सैनिकांच्या एकगठ्ठा लेखी चाचण्या झाल्या. एकेका मुलासमोर बसणं संपलं.

याच काळात कमी आकडा आलेल्या माणसांना मुलं होऊच नयेत, असा विचार तिथे जोर धरत होता. व्हर्जिनिया राज्याच्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याला १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिली. ज्या तरुणीचा तो खटला होता, तिची परीक्षा बिनेच्याच श्रेणीच्या अमेरिकी अवतारानं घेतली होती. मूल शाळेबाहेर फेकलं जाऊ नये म्हणून बनवलेलं माप माणसाला समाजाबाहेर फेकायला वापरलं गेलं. सिमों पुढे बरीच वर्षं जगला. या भागाकाराला तो मूळ हेतूशी केलेली दगाबाजी मानत असे.

आपल्याकडेही बिने आला. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ही श्रेणी बेतली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. कामतांनी नुसतं भाषांतर केलं असतं, तर पॅरिसच्या पोरांचे प्रश्न आपल्या पोरांना विचारले गेले असते. बिने-कामत या नावानं ही चाचणी आजही वापरात आहे. चांगल्या हातात ती समोरासमोर बसूनच होते आणि मुलाला काय मदत लागेल ते ठरवायला वापरली जाते.

हे लिहायला घेतल्यावर मी ते चौथीचं प्रगतिपुस्तक कपाटातून काढलं. आत उंची आणि वजनाचे रकाने आहेत. तुमच्याही असतील, बघा. माझ्या पहिल्या सत्रातली उंची आणि दुसऱ्या सत्रातली उंची अगदी सारखी आहे, वजनही. वर्षभरात मी एक सेंटिमीटरही वाढले नाही, असं ते सांगतं. घरच्या दाराच्या चौकटीवर बाबांनी पेन्सिलनं मारलेली रेघ मात्र त्याच वर्षात चार बोटं वर सरकलेली आहे. कुणीतरी पहिला आकडा बघून दुसऱ्या रकान्यात उतरवून टाकला असणार. मी शेजारणीच्या वहीतून उतरवायचे, तसंच. फक्त मला तेव्हा ओरडा बसला होता.

तुमच्यातले बरेच जण उद्या बी. एड. करतील, डॉक्टर होतील, कुणी एनजीओत जाऊन शाळांचे सर्व्हे कराल. हातात फॉर्म असेल, रकाने असतील. समोर एक मूल असेल. त्याच्या नावापुढे आकडा लिहिण्याआधी त्याला फळा दिसतोय का, एवढं आधी विचारा.